आवाजाचं राहू द्या, गोलकीपर कसा आहे?

प्रश्न : माझी कॉलेजातली मुलगी आणि तिच्या मैत्रिणी जर्मनीच्या हॉकी गोलकीपरची एक मुलाखत सारखी लावून बसतात. घरभर त्या पोराचा खर्जातला आवाज! हा खरंच चांगला खेळाडू आहे, की नुसता आवाजावर गाजतोय?
– एक आई, सातारा

उत्तर : ताई, तो जाँ-पॉल डानेबर्ग. 2024च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याची मुलाखत जगभर फिरली. चेहरा कोवळा, विशीतला आणि तोंड उघडलं की तंबोऱ्याची खर्जाची तार. हॉकीचं एरवी नावही न काढणारे लोक त्यावर तुटून पडले. पडू देत बापडे. चार वर्षांतून एकदा का होईना, आमच्या खेळाकडे कुणी बघितलं.

पण त्याची खरी ओळख भुवनेश्वरमधली. 29 जानेवारी 2023, वर्ल्ड कपची फायनल, जर्मनी-बेल्जियम 3-3. मग बरोबरी फोडणारं शूटआऊट 5-4 असं जर्मनीने जिंकलं आणि शेवटचा प्रयत्न अडवणारा हाच पठ्ठ्या. आपल्याच देशात एवढं झालं, तेव्हा आपल्यातल्या किती जणांना त्याचं नाव ठाऊक होतं?

मी खडकीच्या मैदानावर गोलकीपरचे पॅड बांधून उभा राहिलेला माणूस आहे, म्हणून जरा खोलात सांगतो. आमच्या वेळी बरोबरी झाली की पेनल्टी स्ट्रोक, म्हणजे गोलसमोरून थेट फटका. लाइनवर उभं राहायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. आता शूटआऊट. चेंडू गोलपासून 23 मीटरच्या रेषेवर असतो. शिट्टी झाली की समोरच्याला फक्त आठ सेकंद मिळतात. गोलकीपर पुढे धावून येतो, आणि इथेच खरी परीक्षा. लवकर आडवा पडला की गेलाच. समोरचा चेंडू उचलतो किंवा बाजूने काढतो. शक्यतो उभं राहायचं, त्याला एका कडेला रेटायचं, गोलकडे पाठ करायला लावायची. सेकंद आपोआप आपल्या बाजूने पळतात. एवढ्या लहान वयात फायनलच्या दडपणाखाली हे जमणं सोपं नाही.

पॅरिसमध्ये मात्र हुकलं. सेमीफायनलमध्ये आपल्याला 3-2 हरवून (अजून सलतंय!) जर्मनी फायनलला गेली. नेदरलँड्सशी 1-1 बरोबरी आणि शूटआऊटमध्ये 3-1 हार. विजयी गोल मारल्यावर नेदरलँड्सच्या डुको टेल्गेनकांपने डानेबर्गसमोर जाऊन ओठांवर बोट ठेवलं. ज्याच्या आवाजाचं जगाला कौतुक, त्यालाच ‘गप्प’! धक्काबुक्की झाली, टेल्गेनकांपने पुढे माफीही मागितली. जिंकलेल्याने हरलेल्या गोलकीपरला डिवचू नये, हे माझं जुन्या वळणाचं मत.

मुलीला भुवनेश्वरचं ते शूटआऊट आवाज बंद करून बघायला सांगा. बघताना त्याचे पाय बघ म्हणावं. आणि जमलं तर तिला हेडफोन घेऊन द्या. खर्जातला आवाज भिंतीतूनही येतो.