मस्टँग वळणावर मागून उडते, आधी काय बदलू?

तुमची २०१२ ची फोर्ड मस्टँग जीटी खडबडीत वळणावर मागून उडते, त्यात नवल नाही. त्या पिढीला मागे अखंड अ‍ॅक्सल आहे, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकाच दांड्याला जोडलेली. एक चाक खड्ड्यात गेलं की दुसऱ्यालाही हिसका बसतो. मागची चाकं स्वतंत्र झाली ती २०१५ च्या मॉडेलपासून.

पॉवरच्या मागे लागू नका, ४१२ हॉर्सपॉवर भरपूर झाली. आधी टायर बघा. टायर जुने, कडक झाले असतील तर बाकीचा खर्च पाण्यात. मग चांगले शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि थोड्या कडक स्प्रिंगा, जोडीनेच. गाडीची उंची कमी केलीत तर अ‍ॅडजस्टेबल पॅनहार्ड बार (मागचा अ‍ॅक्सल मधोमध धरून ठेवणारा आडवा दांडा) घ्या, नाहीतर मागचा अ‍ॅक्सल एका बाजूला सरकून बसतो. शेवटी चाकांची अलाइनमेंट.

आणि हो, दर बदलानंतर त्याच वळणावर, त्याच वेगाने चालवून बघा.