मुलीला सिनेमातले राक्षस घडवायचे आहेत, कोणता कोर्स लावू?

प्रश्न: हमरापूरला आमचा गणपतीचा कारखाना आहे. मुलगी यंदा बारावी कॉमर्सला आहे. फ्रँकेन्स्टाइन, ड्रॅक्युला असले जुने राक्षसपट हल्ली नव्याने निघतात, त्यांतले चेहरे बनवायचं काम करायचं म्हणते. कारखान्यातल्या रबराच्या साच्यात सिलिकॉन ओतून तिने दोन मुखवटे केले, पण ते चिकटच राहिले. मुंबईत प्रॉस्थेटिक मेकअपचा (चेहऱ्यावर ओतीव तुकडे चिकटवून रूप बदलायचा) तीन महिन्यांचा कोर्स आहे, तो लावावा का? मुलीसाठी हे क्षेत्र बरं आहे का? नवा लॅपटॉपही मागते आहे.

उत्तर:

सप्रेम नमस्कार,

आधी त्या चिकट सिलिकॉनचं बघू, कारण त्यात मुलीच्या हाताचा दोष नाही. प्लॅटिनम जातीचं सिलिकॉन गंधकाशी आलं की धरत नाही आणि लॅटेक्स रबराच्या साच्यात गंधक असतं. लॅटेक्सचे हातमोजे घातले किंवा गंधकवाली प्लॅस्टिसिन (तेलकट माती) वापरली, तरी हेच होतं. मोजे नायट्राइलचे घ्या. साचा पीओपीचा किंवा दातांच्या डॉक्टरांकडे असतो त्या डेंटल स्टोनचा करा, पूर्ण सुकू द्या, लॅकरचे दोन हात मारा आणि वर व्हॅसलीनचा अगदी पातळ हात फिरवा. दुकानदार म्हणेल, टिन जातीचं सिलिकॉन घ्या, ते कशातही बसतं. बसतं खरं, पण ते कातडीवर लावायचं नसतं, आणि त्याच्या साच्यात पुन्हा प्लॅटिनम ओतलं तर ते परत चिकटच राहतं.

आता कामाबद्दल. १९३१ च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये जॅक पियर्स हे मेकअपमन बोरिस कार्लोफच्या चेहऱ्यावर कापूस आणि कोलोडियन या सुकल्यावर पापुद्रा धरणाऱ्या द्रावणाचे थर देत रोज नव्याने कपाळ उभं करायचे, आणि त्यात तासन्तास जायचे. आज नटाच्या चेहऱ्याचा ठसा घेतात, त्यावर मातीकाम करून साचा करतात आणि फोम लॅटेक्सचे (स्पंजासारख्या रबराचे) किंवा सिलिकॉनचे तुकडे ओतून चिकटवतात. संध्याकाळी तुकडा सोडवला की त्याची कड फाटते, म्हणून दुसऱ्या दिवशी नवा लागतो. शूटिंग तीस दिवसांचं असेल तर एकाच चेहऱ्याचे तीस संच, वर खराब निघतील म्हणून चार-पाच जास्तीचे. हे कारखान्याचंच काम झालं. सांधा कुठे ठेवायचा, साचा कुठे अडकेल, विसावा नगही पहिल्यासारखा कसा निघेल, हे तुमच्या मुलीने रोज डोळ्यांसमोर पाहिलेलं आहे. मेकअपच्या कोर्सला येणाऱ्या बहुतेक मुलांना तेच येत नसतं.

तिला नव्याने शिकायची आहे ती कड. मूर्तीला जाडी चालते. इथे तुकडा कडेला टिश्यू पेपरइतका पातळ होत संपला पाहिजे. त्यासाठी साच्यात तुकड्याच्या हद्दीवर बारीक कंगोरा ठेवतात आणि त्याच्या बाहेर जास्तीचा माल जायला चर काढतात. साच्याचे दोन भाग कंगोऱ्यावर नीट टेकले नाहीत की कड जाड येते. मग नटाने उजेडाकडे मान वळवली की गालावर रेघ दिसते आणि ती कुठल्याही रंगाने झाकत नाही. रंगाचंही वेगळं तंत्र आहे. सिलिकॉनवर मूर्तीचा रंग टिकत नाही, सोलून निघतो. मूळ छटा सिलिकॉनमध्येच मिसळायची आणि वर अल्कोहोलवर चालणाऱ्या रंगांचे पारदर्शक हात द्यायचे. डोळ्यांची आखणी करणारा हात इथे कामी येतो.

चेहऱ्याचा ठसा मात्र तिने एकटीने घेऊ नये. डेंटल दुकानातलं अल्जिनेट (दातांचा ठसा घ्यायची पावडर) दोनेक मिनिटांत घट्ट होतं, चेहरा झाकेपर्यंत वेळ पुरत नाही. लाइफकास्टिंगचं, म्हणजे अंगाचे ठसे घ्यायचं, सावकाश धरणारं मागवा, साधारण अर्धा किलो लागतं. नाकपुड्यांवर लक्ष ठेवायला एक माणूस वेगळा ठेवा. पीओपी थेट कातडीवर कधीच नको, धरताना ते तापतं आणि भाजतं. गोंदाची चाचणी आदल्या दिवशी हाताच्या आतल्या बाजूला घ्या.

पोर्टफोलिओबद्दल, म्हणजे काम मागताना दाखवायच्या नमुन्यांबद्दल, एक सावधगिरी. पहिलं काम म्हणून सगळेच सपाट डोक्याचा, मानेत खिळे असलेला राक्षस करतात. ते रूप युनिव्हर्सल स्टुडिओचं आहे, त्या १९३१ च्या सिनेमावर अमेरिकेत २०२६ अखेरपर्यंत कॉपीराइट आहे. मेरी शेलीची कादंबरी मात्र १८१८ ची, सर्वांना मोकळी. तिच्यात खिळे नाहीतच. आहे ती खालचे स्नायू जेमतेम झाकणारी पिवळी कातडी, काळेभोर केस, पांढरेशुभ्र दात आणि काळे ओठ. मुलीने राक्षस जिवंत होतो ते प्रकरण वाचून स्वतःचा चेहरा घडवावा. मातीकाम, साचा, तुकडा, लावलेला चेहरा असे टप्प्यांचे फोटो ठेवावेत आणि नट बोलतो-हसतो आहे असा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ दिवसाच्या उजेडात घ्यावा. अशी आठ कामं पुरेत.

पोटापाण्याचं स्पष्ट सांगतो. नव्या राक्षसपटांत दरवेळी राक्षसाचा चेहरा लागतोच असं नाही. २०२० चा ‘द इनव्हिजिबल मॅन’ सुमारे ७० लाख डॉलरमध्ये झाला आणि त्याने कित्येक पट कमावले. त्यातला खलनायक अदृश्य, भीती रिकाम्या खोलीची आहे. २०२४ चा ‘नोस्फेराटू’ आणि २०२५ चा ‘फ्रँकेन्स्टाइन’ यांनी पुन्हा प्रॉस्थेटिकवर भर दिला. आपल्याकडे ‘तुंबाड’मधली आजी एका लहान मुलाने प्रॉस्थेटिक लावून साकारली, पण अशी कामं मोजकीच निघतात. मधल्या काळात म्हातारपणाचे मेकअप, जाहिराती, मेणाचे पुतळे, सिनेमातले बनावट मृतदेह यांवर घर चालतं.

म्हणून तीन महिन्यांचा कोर्स आत्ता नको. त्यात तयार तुकडे चिकटवायला जास्त शिकवतात, घडवायला कमी. शिल्पकलेची पदवी (बीएफए किंवा तिच्यासारखी) घ्यावी: मुंबईचं जे. जे. किंवा बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ. कॉमर्स आड येत नाही. महाराष्ट्रातल्या कला महाविद्यालयांसाठी एमएएच-एएसी सीईटी ही प्रवेशपरीक्षा असते, पण प्रत्येक संस्थेचे त्या वर्षीचे नियम आधी वाचा. छोटा कोर्स तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत, आणि फी भरण्यापूर्वी एकच विचारा: साचा विद्यार्थी स्वतः करतो का?

मुलगी म्हणून काळजी वाटते, त्याला कारण होतं. हिंदी सिनेमात स्त्रियांना युनियनकडून मेकअप आर्टिस्टचं कार्डच मिळत नसे, फक्त केशभूषेचं मिळे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली. कामाच्या वेळा मात्र पहाटेच्या असतात, कारण नट कॅमेऱ्यासमोर जाण्याआधी चार-पाच तास खुर्चीत बसलेला असतो. तेव्हा सेटवर जाण्या-येण्याची गाडी कोण देणार, हे तिने होकार देण्याआधीच विचारावं.

लॅपटॉपची घाई नको. आता बरीच शिल्पं आधी कॉम्प्युटरवर घडवून थ्रीडी प्रिंट करतात, म्हणून ते शिकावं लागेलच. पण ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर फुकट आहे, घरच्या मशीनवर चालतं का ते बघा. अडायला लागलं तर पदवीच्या दुसऱ्या वर्षी नवा घ्या.