सडा की नदीकाठ?

प्रश्न : निवृत्तीनंतर आम्ही दोघं चिपळूण परिसरात कायमचं राहायला जाणार आहोत. दोन बिगरशेती जागा पाहिल्या. एक सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उंच पठारावर, मोकळी आणि वाऱ्याची. दुसरी नदीकाठी, विहीर असलेली. दर सारखाच आहे. कोणती घ्यावी?

उत्तर : नदीकाठच्या जागेसाठी आधी जलसंपदा विभागाच्या पूररेषा पाहा. निळी रेषा सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत घर बांधायचंच नाही. आमच्या मते लाल रेषेच्या आतही जागा घेऊ नये. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी कुठवर चढलं होतं, ते शेजारच्या घरांत विचारा. भिंतीवरची खूण दाखवतील.

सड्याची अडचण उलटी. जांभा सच्छिद्र असतो. पावसाचं पाणी त्यातून झिरपून खालच्या शेडीवर, म्हणजे चिकण थरावर अडतं आणि उतारावरच्या झऱ्यांतून बाहेर पडतं. म्हणून जुलैत हिरवागार दिसणाऱ्या सड्यावरची विहीर एप्रिलमध्ये तळ गाठते. जागा मे महिन्यात पुन्हा पाहा.

सडाच घेणार असाल तर पाणी साठवावं लागेल. माणशी रोज 135 लिटर धरलं तर दोघांना मार्च ते मे या 92 दिवसांत सुमारे 25 हजार लिटर लागतं. 4 × 3 मीटरची, 2.1 मीटर खोल टाकी पुरते. 1000 चौरस फुटांच्या छपरावर 3000 मिलिमीटर पाऊस पडला, तर वीस टक्के वाया जाऊनही दोन लाख लिटरच्या वर पाणी मिळतं. पहिल्या सरींचं पाणी सोडून द्या, पन्हळीला जाळी लावा, टाकी बंदिस्त ठेवा, नाहीतर डास होतात. बाग यात धरलेली नाही.

जांभ्यातल्या पोकळ्यांतून सांडपाणीही लांब जातं. शोषखड्डा विहिरीपासून किमान 60 फूट दूर आणि उताराच्या खालच्या अंगाला हवा.

खरं तर सड्याच्या पायथ्याला, वाडीलगत तिसरी जागा शोधा. जुन्या वाड्या तिथेच वसल्या, कारण पाणी तिथे टिकतं. मात्र डोंगर उभा कापून सपाट केलेला भूखंड नको. शेडी भिजली की दरड सुटते.

आणि रुग्णवाहिका दारापर्यंत येते का, हे भर पावसात गाडी नेऊनच तपासा.