जिगसॉने (वर-खाली चालणाऱ्या पात्याच्या विजेच्या करवतीने) १८ मिमी प्लाय कापताना काप तिरका जातो, वरची कड फुटते. मशीन बिघडलंय का?

बहुतेक नाही. तुम्ही मशीन पुढे ढकलताय. जोर लावला की पातं खालच्या बाजूला वाकतं. वरून रेघ सरळ दिसते आणि खाली काप भलतीकडे गेलेला असतो. नवं, धारदार पातं लावा आणि मशीनला तिच्या वेगाने जाऊ द्या. पात्यामागचा छोटा रोलर पात्याला टेकतोय ना, तेही बघा.

कड फुटते कारण पातं वर येताना कापतं. म्हणून प्लायची चांगली बाजू खाली ठेवा, रेघेवर मास्किंग टेप लावा, पेंड्युलम (पातं पुढे-मागे झुलवायची सोय) शून्यावर आणा. बारीक दातांची पाती पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीत मिळतील. जुनं पातं नमुन्याला न्या, मशीनमध्ये बसणारं टोक जुळायला हवं.

मोटारीत बारीक निळसर ठिणग्या चालतात. मोठ्या उडाल्या, मशीन अडखळली, तर बहुधा कार्बन ब्रश (मोटारीच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे दोन तुकडे) झिजलेत. दोन्ही एकदमच बदला.

आणि कळकळीने सांगतो, पातं बदलताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढाच. वायर खांद्यावरून मागे टाका, डोळ्यांना गॉगल लावा, प्लायखाली हात नको. पातं खाली इंच-दीड इंच बाहेर असतं, ते वरून दिसत नाही.