नागपूरचं तिकीट: आज डेट चेंज करू नका

डोंबिवलीकर ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. भाचीच्या लग्नासाठी मुंबई-नागपूर, २० नोव्हेंबरला जाणं आणि २४ ला येणं, तीन माणसं. आता मुहूर्त बदलून लग्न एक आठवडा पुढे गेलंय. ज्या साइटवरून बुकिंग केलं ती डेट चेंजसाठी माणशी, एका बाजूला ३,००० रुपये दाखवतेय, म्हणजे नुसत्या दंडाचेच १८,००० आणि वर भाड्यातला फरक. हे टाळता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

बऱ्यापैकी शक्यता आहे. पण त्यासाठी आज ते बटण दाबायचं नाही. फोर्टमधल्या एका ट्रॅव्हल एजन्सीत अकरा वर्षं तिकिटं कापली आहेत. तिथला अनुभव असा की या धंद्यात एकच प्रश्न महत्त्वाचा असतो: बदल कोणी केला? प्रवाशाने केला तर पेनल्टी, एअरलाइनने केला तर नाही. दुसऱ्या प्रकाराला आम्ही काउंटरवर 'इनव्हॉल' म्हणायचो, इनव्हॉलंटरीचं लघुरूप. तिकिटावर ते लागलं की पेनल्टी माफ, आणि बहुतेक वेळा भाड्याचा फरकही.

तुमच्या बाबतीत याला जागा आहे, कारण तारीख नोव्हेंबरची आहे. विमानांची वेळापत्रकं वर्षातून दोनदा बदलतात. उन्हाळी मार्चच्या शेवटच्या रविवारपासून लागू होतं, हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून. तुम्ही तिकीट ऑगस्टअखेर काढलंत आणि प्रवास हिवाळी वेळापत्रकात आहे. बुकिंगच्या वेळी दिसलेली वेळ पुढे हलणं, किंवा दिवसातल्या दोन फेऱ्या गुंडाळून एक करणं, हे या काळात सर्रास चालतं. त्यात आपला मुंबईचा विमानतळ म्हणजे एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्या, एका वेळी वापरात एकच. पावसाळ्याआधी आणि नंतर दोन्ही एका दिवशी काही तास दुरुस्तीसाठी बंद ठेवतात, तेव्हाही वेळा सरकतात. आणि आता नवी मुंबईचा विमानतळ सुरू झालाय (पहिली व्यावसायिक उड्डाणं २५ डिसेंबर २०२५ ला झाली), त्यामुळे विमानतळ कुठला तेही प्रत्येक मेसेजमध्ये नीट वाचा. डोंबिवलीहून तुम्हाला तो बदल आवडेलही म्हणा.

एअरलाइनने उड्डाण रद्द केलं तर डीजीसीएचा (देशातल्या विमानसेवेवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) नियम स्पष्ट आहे: दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा, प्रवाशाला जे मान्य असेल ते. नुसती वेळ बदलली तर मात्र प्रत्येक एअरलाइनचं आपापलं धोरण असतं. ढोबळमानाने विमान दोनेक तास पुढे गेलं, किंवा तासभर अलीकडे आलं, की बदल फुकट मिळतो. इंडिगोने यासाठी साइटवर 'प्लॅन बी' नावाचं वेगळं पानच ठेवलंय, बाकीच्यांकडे कॉल सेंटर किंवा विमानतळावरचा काउंटर. फुकट बदलताना मूळ तारखेपासून किती दिवसांच्या आतलं विमान घेता येतं हे ठरलेलं असतं. तुम्हाला बरोबर सात दिवस हवेत, म्हणून फोनवर पहिला प्रश्न तोच विचारा. बसत नसेल तर पूर्ण परतावा घ्या आणि नवं तिकीट काढा. दंडातून तर सुटलात.

इथे माझीच फजिती सांगतो. २०१८ साली कोलकात्याला जायचं होतं आणि मला परतीचा दिवस एकाने पुढे हवा होता. नशिबाने परतीचं विमान तीन तास अलीकडे आल्याचा मेसेज आला. मी ऑफिसात होतो, फोन घरी. बायकोने मेसेज उघडला, खाली 'अ‍ॅक्सेप्ट' लिहिलं होतं, तिने इमानेइतबारे दाबलं. संध्याकाळी मी एअरलाइनला फोन केला तर तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, सर, तुम्ही नवी वेळ मान्य केली आहे, आता चार्ज लागेल. अकरा वर्षं लोकांना जे बजावलं तेच घरी सांगायचं राहिलं होतं. तेव्हा ताई, असा मेसेज आला तर कशालाही हो म्हणायचं नाही. स्क्रीनशॉट काढायचा आणि फोन लावायचा. घरातल्या सगळ्यांना आजच सांगून ठेवा.

पण मुळात मेसेज तुमच्यापर्यंत यायला हवा. बुकिंग साइटवरून काढलेल्या तिकिटात पुष्कळदा त्या साइटचाच ईमेल नि नंबर एअरलाइनकडे गेलेला असतो. पीएनआर आणि आडनाव टाकून थेट एअरलाइनच्या साइटवर जा, संपर्कात कोणाचा नंबर आहे ते बघा आणि स्वतःचा घाला. हे आजच करा. ऐनवेळी उड्डाण रद्द झाल्यावर नियमाने जी भरपाई मिळते, तीसुद्धा बुकिंग करताना पुरेसा संपर्क न दिलेल्या प्रवाशाला देणं एअरलाइनवर बंधनकारक नाही.

खाली कमेंटमध्ये कोणीतरी २४ तासांच्या नियमाचं सांगितलंय. नियम खरा आहे, २०१६ पासूनचा. तेव्हा बुकिंगपासून २४ तासांत तिकीट विनादंड रद्द करता किंवा बदलता यायचं, बदललं तर भाड्यातला फरक तेवढा द्यायचा. सात दिवसांच्या आतल्या प्रवासाचं तिकीट एअरलाइनच्या साइटवरून काढलं असेल तर ही सवलत नव्हती. नोव्हेंबर २०२५ मध्ये ही मुदत ४८ तासांची करण्याचा मसुदा डीजीसीएने काढला आणि २०२६ मध्ये ती ४८ तासांची झाली. पण तुमचं तिकीट तीन आठवड्यांपूर्वीचं, त्यामुळे तुम्हाला याचा उपयोग नाही. अमेरिकेच्या विमानांना तिथला २४ तासांचा नियम लागतो, त्याची इथे सरमिसळ नको.

समजा वेळ बदललीच नाही. मग हिशोब करायचा, आणि तो दोन्ही बाजूंचा वेगवेगळा. जाण्याचं आणि येण्याचं असे दोन पीएनआर केलेत हे फार बरं झालं. एकाच पीएनआरमध्ये बऱ्याच एअरलाइन पहिला टप्पा चुकला की पुढचा आपोआप उडवतात.

तुमच्या पावतीवरून माणशी, एका बाजूच्या ४,६०० मध्ये मूळ भाडं आणि इंधन अधिभार धरून ३,७००, उरलेले ९०० कर आणि विमानतळाचे आकार. तिकीट रद्द केलं तर दंड मूळ भाडं अधिक इंधन अधिभार यापेक्षा जास्त लावता येत नाही. म्हणजे 'नॉन-रिफंडेबल' लिहिलेलं असलं तरी ते ९०० निदान परत मिळायलाच हवेत. विमान चुकलं तरीही. कितीतरी लोक ते मागतच नाहीत.

आता २७ तारखेचं जाणं. त्याच विमानाचं भाडं तुम्ही ५,७०० लिहिलंय. डेट चेंज केलं तर ३,००० दंड आणि १,१०० फरक, एकूण ४,१०० जादा. जुनं रद्द करून तेच नवं काढलं तर ५,७०० वजा ९००, म्हणजे ४,८०० जादा. इथे डेट चेंज स्वस्त. पण दुसऱ्या एअरलाइनचं ४,९०० ला मिळतंय म्हणता, मग ४,००० मध्येच भागतं. परतीला १ डिसेंबरचं भाडं ३,६०० च आहे. बदललंत तर ३,००० दंड जातोच, आणि भाडं कमी असलं तरी उरलेले हजार सहसा कोणी परत देत नाही. रद्द करून नवं काढलं तर २,७००. साइट बदलाच्या वेळी स्वतःची सेवा फीही लावते, ती वेगळी. एअरलाइनच्या साइटवरून थेट बदल होत असेल तर तिथेच करा.

रद्द केल्यावर 'क्रेडिट शेल'मध्ये, म्हणजे पुढच्या तिकिटासाठी एअरलाइनकडेच, पैसे ठेवू का असं विचारतील. ती निवड तुमची आहे, नको म्हणा. एजंटमार्फतच्या तिकिटाचा परतावा देण्याची जबाबदारीही एअरलाइनचीच. साइट आणि एअरलाइन एकमेकांकडे बोट दाखवू लागले तर एअरसेवा या सरकारी तक्रार पोर्टलवर तक्रार टाका.

किती थांबायचं? माझ्या मते ५ नोव्हेंबरपर्यंत. तोवर नवं वेळापत्रक लागू झालेलं असेल, बदल व्हायचा असला तर बहुधा कळेल. यात जोखीम आहेच, २७ चं भाडं मधल्या काळात चढू शकतं, लग्नसराई आहे. म्हणून रेल्वेचं एक तिकीट हाताशी ठेवा. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे २६ च्या विदर्भ एक्सप्रेससाठी २७ सप्टेंबरला सकाळी आठला बसा. ती कल्याणला थांबते, तुम्हाला सीएसएमटी गाठायचीही गरज नाही. विमानाचं जमलं तर ते वेळेत रद्द करा, कापले जाणारे पैसे विमानाच्या दंडापुढे किरकोळ असतात.

आणि घाबरून लवकर रद्द करू नका. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हा ५ ते १५ डिसेंबरच्या प्रवासासाठी रद्द करणं आणि बदलणं दोन्ही विनाशुल्क केलं गेलं. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी ती घोषणा व्हायच्या आदल्या दिवशी दंड भरून तिकीट रद्द केलं होतं. अजून भेटले की तोच विषय काढतात.

'फ्री डेट चेंज'चं जे पॅकेज साइट बुकिंगच्या वेळी विकते ते तुम्ही घेतलंय का, पावतीत बघून इथे लिहा. त्यात फक्त दंड माफ असतो, भाड्याचा फरक नाही, पण असेल तर वरचा सगळा हिशोब बदलेल. आणि सध्या तिकिटावर दिसणारी वेळही लिहा, ऑगस्टमधल्या पावतीशी ताडून सांगतो. कधीकधी वेळ आधीच सरकलेली असते आणि मेसेज साइटच्याच नंबरवर पडून असतो.