कंस कुणी गिळला?

प्रश्न: माझ्या नववीच्या वर्गात एक पूर्ण अंध विद्यार्थी आहे. मी वर्डमध्ये सरावाची गणितं टाइप करून देते, त्याचा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम) ती वाचतो. तोंडी विचारलं तर अचूक सांगणारा मुलगा या कागदावर मात्र चुकतो. असं का होतं? (एक शिक्षिका, सातारा जिल्हा)

उत्तर: तो एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरतो असं धरून चालू, मोफत असल्यामुळे आपल्याकडे तोच जास्त दिसतो. विरामचिन्हं किती बोलायची याची त्यात पातळी ठरवलेली असते. मूळ पातळीला अधिक आणि बरोबर ही चिन्हं ऐकू येतात, पण कंस आणि हायफन मुकाट गाळले जातात. तुम्ही लिहिता '२, कंसात एक्स + ३'. त्याला ऐकू येतं 'टू एक्स प्लस थ्री'. एक्स ४ असेल तर तुमचं उत्तर १४ आणि त्याचं ११. त्याने जे ऐकलं त्याचं उत्तर बरोबरच आहे! '७-३'चंही तेच, त्याच्या कानावर नुसतं 'सात तीन' पडतं. घात देताना आकडा फॉन्टच्या सुपरस्क्रिप्टने वर चढवला असेल तर एक्सचा वर्ग बहुतेक वेळा 'एक्स टू' होतो, म्हणजे एक्सची दुप्पट.

तात्पुरता इलाज: त्याने इन्सर्टबरोबर पी दाबत पातळी 'मोस्ट'वर न्यावी. वजासाठी तुम्ही हायफनऐवजी खरं वजाचिन्ह द्या. वर्डमध्ये इंग्रजी अंकांत २२१२ टाइप करून लगेच ऑल्ट आणि एक्स दाबलं की ते उमटतं.

पण अपूर्णांक आणि वर्गमूळ आलं की ही मलमपट्टी पुरत नाही. तिथे समीकरण हे समीकरण म्हणूनच घालावं लागतं. ऑल्टबरोबर बरोबरचं चिन्ह दाबा, चौकट उघडते. तीत कंसात ए + बी, मग तिरकी रेघ, मग सी लिहून स्पेस दिलीत की अंश वर, छेद खाली असा अपूर्णांक तयार होतो. वर्गमूळासाठी बॅकस्लॅश, त्याला लागून 'एसक्यूआरटी' ही अक्षरं आणि स्पेस. घातासाठी सहाच्या कळीवरचं टोपीचं चिन्ह.

फाइल डॉकएक्स म्हणूनच जतन करा. जुन्या डॉक स्वरूपात समीकरणांची चित्रं होतात, आणि चित्रापुढे स्क्रीन रीडर गप्प बसतो. मॅथटाइप या समीकरणं लिहायच्या वेगळ्या प्रोग्रॅममध्ये केलेल्या जुन्या प्रश्नपत्रिका असतील तर प्रत्येक समीकरणावर संदर्भ मेनू उघडून, इक्वेशन ऑप्शन्समधून ते ऑफिस मॅथमध्ये, म्हणजे वर्डच्या स्वतःच्या समीकरणात, बदला. काम कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचं आहे.

विद्यार्थ्याच्या संगणकावर समीकरणं बोलून दाखवणारं मॅथकॅट हवं. आधीच नसेल तर एनव्हीडीए मेनू, टूल्स, ॲड-ऑन स्टोअर या वाटेने घ्या. मग समीकरणावर इन्सर्ट, ऑल्ट आणि एम दाबलं की त्याच्या आत शिरता येतं. खालचा बाण आतल्या भागात नेतो, वरचा बाहेर आणतो, डावा-उजवा शेजारच्या पदावर. एस्केपने बाहेर. लांब समीकरण एका दमात ऐकून कुणाच्याच लक्षात राहत नाही, डोळसांनी करून पाहावं. हे बाणांनी फिरणंच खरं वाचन, त्याचा सराव आठवडाभर वेगळा घ्या.

प्रश्न: मुलगी बारावी सायन्सला आहे. गणित ऐकून समजतं, पण घरी उत्तरं स्वतः टाइप कशी करायची? (एक पालक, नाशिक)

उत्तर: लेटेक शिकवा. त्यात सगळं गणित साध्या अक्षरांच्या ओळीत लिहितात: अपूर्णांकासाठी बॅकस्लॅश, 'फ्रॅक', मग एका महिरपी कंसात अंश आणि दुसऱ्यात छेद. माउस लागत नाही आणि लिहिलेलं अक्षर-अक्षर तपासता येतं. चुका ठरलेल्या असतात. महिरपी कंस उघडून बंद करायचा राहतो, किंवा दोन आकडी घाताला कंसच घातला जात नाही. १२वा घात द्यायचा असताना कंस विसरला तर फक्त १ वर जातो आणि २ खाली राहतो. ऐकताना हे निसटतं, म्हणून कंस बोलणारी पातळी इथे हवीच. शिक्षकांना नेहमीचं रूप हवं असेल तर पॅनडॉक हे मोफत साधन अशा मजकुराची वर्ड फाइल करून देतं, समीकरणांसकट.

जाता जाता: लेटेकमधलं गणित संगणकाकडून नीट वाचून घेणारी 'ॲस्टर' ही प्रणाली टी. व्ही. रामन यांच्या १९९४च्या कॉर्नेल विद्यापीठातल्या पीएचडीची. ते स्वतः अंध, जन्म पुण्याचा, आणि गणिताची पदवीही पुणे विद्यापीठाची.

प्रश्न: क्लासच्या नोट्स पीडीएफमध्ये मिळतात. त्या ऐकताना काहीच्या बाही शब्द येतात. (एक विद्यार्थी, लातूर)

उत्तर: दोन वेगळे आजार आहेत. मराठी मजकूरच अगम्य वाटत असेल तर तो युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहे; पडद्यावर मराठी दिसतं, आत मात्र इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. मराठी ठीक आणि फक्त गणित विस्कटत असेल तर पीडीएफ करताना समीकरणाची रचना हरवली आहे. दोन्हींवर पहिला उपाय एकच: क्लासकडे मूळ वर्ड फाइल मागा. ती नसेलच तर पानं ४०० ते ६०० डीपीआयवर सरळ स्कॅन करून गणित ओळखणाऱ्या इन्फ्टीरीडरसारख्या ओसीआरमधून (चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रॅममधून) काढा. साध्या ओसीआरला अपूर्णांकाची रेघ कळत नाही. निकाल डोळस माणसाकडून एकदा ताडून घ्या, विशेषतः घात आणि वजाची चिन्हं.

प्रश्न: आलेखाचं काय?

उत्तर: डेस्मॉस या आलेख काढणाऱ्या साधनात समीकरण लिहून ऑल्ट आणि टी दाबा, मग एच. वक्र डावीकडून उजवीकडे वाजतो, वर चढला की स्वर चढतो आणि एक्स अक्षाच्या खाली गेला की मागे खरखर येते. बाणांनी बिंदूंचे निर्देशक ऐकता येतात. भूमितीच्या आकृतीला मात्र बोटंच लागतात. रबराच्या पाटीवर प्लॅस्टिकचा कागद ठेवून बॉलपेनाने दाबून रेघ ओढली की ती उठून येते, आणि ती मुलाला स्वतःलाही काढता येते.