प्रोजेक्टर नसलेल्या शाळेत युद्धकाळातली प्रचारपोस्टरं कशी शिकवावीत?

सर, घाटंजी तालुक्यातली शाळा, नववीची चाळीस मुलं, प्रोजेक्टर नाही, हाताशी चार तास आणि शेवटी मुलांनी स्वतः पोस्टर करायचं, असं तुम्ही लिहिलंय. चार तास पुरतात, फक्त पोस्टरं तीनच घ्या. जास्त घेतली की मुलं नुसती चाळतात. झेरॉक्सच्या दुकानातून ए-3 आकाराच्या रंगीत प्रिंट काढा, प्रत्येकाच्या तीन प्रती, आणि पाच-पाच जणांच्या गटांत फिरवा.

सुरुवात ब्रिटनच्या पहिल्या महायुद्धातल्या, 1915 च्या सैन्यभरतीच्या पोस्टरने करा. खुर्चीत वडील, मांडीवर मुलगी, पायाशी खेळण्यातले सैनिक मांडणारा मुलगा. खालचा मजकूर कागदाच्या पट्टीने झाका. मुलं म्हणतील, सुखी घर आहे. मग पट्टी काढा. मुलगी विचारतेय, ‘बाबा, महायुद्धात तुम्ही काय केलं?’ आता वडिलांचा चेहरा पुन्हा बघायला लावा. सरकारला माणसाला लाजवावं का लागलं, हे इथेच विचारा. ब्रिटनमध्ये सक्तीच्या भरतीचा कायदा जानेवारी 1916 मध्ये झाला. तोवर माणूस आपखुशीने यायला हवा होता. हा संदर्भ दिला नाही, तर वहीत ‘संदेश प्रभावी आहे’ एवढंच उतरतं.

दुसरं त्याच युद्धातलं हिंदुस्थानी भरतीचं उर्दू पोस्टर. हा शिपाई हिंदुस्थानचं, आपल्या घरादाराचं रक्षण करतोय, म्हणून फौजेत भरती व्हा, असा त्याचा आशय. वाचणारा बदलला की आवाहन कसं बदलतं, हे पहिल्याशेजारी ठेवून दाखवा. तिसरं, बाही सारून दंड दाखवणाऱ्या अमेरिकन कामगार स्त्रीचं. ते वेस्टिंगहाउस कंपनीने 1943 मध्ये आपल्याच कारखान्यांत थोडे दिवस लावलं होतं. ते भरतीचं पोस्टर नव्हतं आणि त्याला आजची प्रसिद्धी 1980 नंतर मिळाली. नेटवर उलट लिहिलेलं सापडेल, म्हणून हे आधीच सांगा.

पोस्टर काढायला ‘शत्रू’ हा विषय देऊ नका. मुलं कुठल्यातरी समाजाचा चेहरा काढून मोकळी होतात, आणि तो समाज वर्गातच बसलेला असू शकतो. 1965 घ्या. युद्ध, अन्नटंचाई आणि आठवड्यातलं एक जेवण सोडण्याचं शास्त्रीजींचं आवाहन. धान्याचा विषय आपल्या मुलांना समजावून सांगावा लागत नाही.

अर्धा इंपीरियल शीट (ड्रॉइंगचा मोठा कागद), तीन सपाट रंग, मजकूर सहा शब्दांच्या आत. खरी गडबड अक्षरांत होते. मुलं इंग्रजीसारखी चौकट आखतात, मग वेलांटी कापली जाते आणि उकार खालच्या ओळीत घुसतो. म्हणून पेन्सिलने चार रेषा आखायला लावा: मधला पट्टा अक्षराचा, वरचा-खालचा मात्रांचा, प्रत्येकी त्याच्या निम्म्याहून थोडा कमी. मधला पट्टा दोन इंच ठेवला तर वीस फुटांवरून वाचता येतं. व्हरांड्यात टांगून तपासा. आधी अक्षरं आखायची, चित्र नंतर, नाहीतर शेवटचे शब्द कोपऱ्यात दाटतात.

शीटच्या मागे तीन उत्तरं लिहून घ्या: हे कोणासाठी, कोणती भावना जागवलीय, आणि काय दाखवलेलं नाही. निम्मे गुण या मागच्या बाजूला द्या. तिसऱ्या प्रश्नावर मुलं अडली तर एवढंच विचारा: ज्या घरात आधीच एकवेळ चूल पेटते, तिथे हे पोस्टर कसं वाचलं जाईल?